दादाच्या छातीवरचा नंबर मी ओढून काढला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, शेती आणि गावात किराणा दुकान. थोरले भाऊ ५२ वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळी दहा दिवसांवर असताना, दादा हिडकल जलाशयाकाठच्या ५० किलोमीटरच्या धावेत उतरले. दहा किलोमीटरच्या पाच फेऱ्या, सुरुवात पहाटे साडेपाचला, आठ तासांची मुदत. हे वाचक सोबतीला होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि त्या दिवशी भलतंच ऊन पडलं. अकराच्या पुढं मोबाईलवर ३४ अंश दिसत होतं. ४३ व्या किलोमीटरला दादा वेडेवाकडे चालू लागले. कितवी फेरी विचारल्यावर 'तिसरी' म्हणाले, आणि धाकट्या भावाला पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याच्या नावानं हाक मारली. वाचकांनी त्यांना धरलं. ते झटापट करू लागले, "काय करालास तू?" म्हणून ओरडले. तेव्हा यांनी छातीवरचा धावेचा नंबर ओढून काढला आणि चारचौघांत म्हणाले, "वय बघ स्वतःचं!" झाडाखाली बसवून अंगावर पाणी ओतलं. तासाभरात दादा सावरले, पण तेव्हापासून बोलणं बंद आहे. दिवाळीचा फराळ वेगळा झाला. भाऊबीजेला आलेली बहीण रडून गेली. यंदा गणपतीच्या आरतीला दोघं शेजारी उभे राहिले, तेही न बोलता. दादांनी पुन्हा त्याच धावेसाठी नाव दिलंय, ही बातमी वहिनींकडून कळली. 'सात किलोमीटर राहिले होते. कदाचित पुरे केले असते. माझ्यामुळं त्यांचं स्वप्न मोडलं. यंदा सोबत जाऊ, की घरी बसू, की त्यांना जाऊच देऊ नको?' असं ते विचारतात.

भाऊ, तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबवलंत ते बरोबर केलंत.

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. तुमच्याच पत्रातल्या दोन ओळी वाचून म्हणते. दादांनी फेरी चुकवली आणि तुम्हाला दुसऱ्याच माणसाच्या नावानं हाक मारली. लांब पल्ल्याच्या धावण्यात दमणं, पाय आखडणं, उलटी होणं, रडू येणं, हे सगळं चालतं. मी स्वतः बारा वर्षं धावते आणि यातलं प्रत्येक मला होऊन गेलंय. पण उन्हात धावणाऱ्या माणसाला आपण कुठं आहोत आणि समोर कोण आहे हे उमजेनासं झालं, तर त्याला थकवा म्हणून सोडून देता येत नाही. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडू लागतं, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा अशीच असते: चुकीची उत्तरं, झोकांड्या, उगाच चिडणं, धरणाऱ्याच्या अंगावर जाणं. दादांचा ताप त्या वेळी मोजला नव्हता, त्यामुळं तो नेमका उष्माघात होता की त्याची सुरुवात, हे मी सांगणार नाही. तुम्हालाही ते उन्हात उभं राहून ठरवायचं नव्हतं. अशा वेळी थांबवायचं आणि गार करायचं, एवढंच हातात असतं, आणि तेवढं तुम्ही केलंत.

तुम्ही लिहिलंय, 'घाम तर धो धो येत होता, म्हणून मला नंतर वाटलं आपणच घाबरलो.' ही समजूत फार जणांची आहे. अंग कोरडं पडलं तरच ऊन लागलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. उन्हात नुसत्या बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा दिसतंही. धावता धावता तापलेल्या माणसाला मात्र शेवटपर्यंत घाम असू शकतो. घाम येतोय म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नका.

दुसरी समजूत जागेबद्दलची. 'तळ्याचा काठ, मोकळा वारा, तिथं कसलं ऊन लागतंय असं सगळेच म्हणत होते.' हिडकलचा जलाशय ऑक्टोबरात काठोकाठ असतो, घटप्रभेचं एवढं पाणी नुसतं बघूनच गार वाटतं. वारा असला की खरोखर बरंही वाटतं. पण घाम अंग गार करतो तो वाळताना. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि नाकावरून टपकून डांबरावर पडला तर काहीच नेत नाही. पावसानं भिजलेली जमीन, भरलेलं पाणी आणि वर उघडलेलं ऊन, अशा हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही. त्यात धावताना खर्च होणाऱ्या ताकदीपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पायांच्या कामाला लागतो, बाकी सगळी उष्णता होऊन अंगात राहते. वारा पडला आणि सावली नसलेला रस्ता आला की तळं काही मदत करत नाही.

आता मला या प्रकरणातलं खरं कारण वाटतं ते सांगते, कारण दादांच्या यंदाच्या तयारीचा प्रश्न तिथंच आहे. दादांनी सराव कधी केला? तुम्हीच लिहिलंय: जून ते सप्टेंबर, रोज पहाटे पाचला, जांबोटीच्या रस्त्यानं. आपल्या खानापूर भागातला तो पावसाळा! चार महिने ढग, चिखल, भिजलेलं अंग आणि गारवा. माणूस दणकट झाला, पण गारव्यात दणकट झाला. उन्हाची सवय ही वेगळी कमाई आहे. रोज तासभर उन्हात हळू पळत राहिलं तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच वेगाला नाडी कमी धावते. ही सवय सोडली की काही आठवड्यांत ओसरते. बेळगावच्या आसपास ऑक्टोबरातली दुपार एरवी तिशीच्या जवळपास असते. ३४ अंश हे मे महिन्यात आपल्याला काहीच वाटत नाही, कारण तोवर अंग तापून तयार झालेलं असतं. पावसाळ्यातून थेट त्या उन्हात पाऊल टाकलं तर तेच ३४ अंश फार जड जातात. दादांची जिद्द कुठं कमी पडली नाही. त्या एका दिवसासाठी त्यांचं अंग तयार नव्हतं.

हे असं होणारे दादा एकटे नाहीत. ७ ऑक्टोबर २००७ ला अमेरिकेत शिकागोमध्ये, मिशिगन सरोवराच्या काठच्या त्या शहरात, मॅरेथॉनच्या दिवशी अचानक कडक उन्हाळा पडला. पारा ३१ अंशांवर गेला. तिथल्या लोकांनी शरदातल्या थंड हवेचा हिशेब धरून तयारी केली होती. आयोजकांना शर्यत मध्येच थांबवावी लागली आणि हजारो लोकांना पुरी न करता परत फिरावं लागलं. त्या हजारोंचं धावणं त्या दिवशी संपलं का? त्यातले कितीतरी पुढच्या वर्षी पुन्हा आले असणार. दादांनीही यंदा नाव दिलंयच की. मग तुम्ही कुठलं स्वप्न मोडलंत?

आपल्याच मातीतलं एक नाव दादांना माहीत असेल. बेळगावचे फडेप्पा चौगुले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, आणि एकोणिसावे आले. त्या वेळी अंतरही आजच्यापेक्षा थोडं जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. त्या दिवशी तिथली हवा थंड आणि पावसाळी होती. त्यांच्याबरोबर भारताचे सदाशिव दातारही धावले, त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. शंभर वर्षांनंतर त्या दोघांचं नाव घेताना माझी मान सारखीच ताठ होते.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं बोलले. आता जरा कठीण बोलते.

तुमच्या पत्रात 'थांबवलं' हा शब्द नऊ वेळा आलाय, आणि 'वय बघ स्वतःचं' हे वाक्य एकदाच, तेही कंसात. मला वाटतं दादांच्या मनात हे प्रमाण बरोबर उलटं असेल. तुम्ही दोन गोष्टी केल्यात. भावाला थांबवलंत, आणि थोरल्या भावाला चारचौघांत वयावरून बोललात, छातीवरचा नंबर ओढलात. ज्या माणसानं वर्षानुवर्षं छातीवर नावाची पट्टी लावून काम केलं, त्याच्या छातीवरून काहीतरी ओढून काढणं म्हणजे काय, हे क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून बघा. पहिली गोष्ट जीव वाचवण्याची होती. दुसरी घाबरून झाली, मला कळतं, मीही घाबरले असते. पण गेले अकरा महिने तुम्ही दोन्हीचं गाठोडं एकत्र बांधून डोक्यावर घेतलंय. माफी मागावी तर थांबवल्याचीच माफी मागितल्यासारखं होईल, म्हणून तुम्ही गप्प. आणि दादांना वाटतंय, याला त्या शब्दांचं काहीच नाही.

गाठोडं सोडा. नंबर ओढला आणि वयावर बोललो त्याची माफी मागा, पुरी, कुठलीही सबब न जोडता. थांबवल्याची मागू नका. 'पण तुझीच हालत अशी होती' हे त्याच दमात म्हणू नका, ते दुसऱ्या दिवशी बोलता येईल. वहिनींकरवी निरोप नको आणि फोनवर तर नकोच. दसऱ्याला सोनं देताना पायाला हात लावून उरकून टाकावं असं मनात येईल. तसं करू नका. सणाच्या गर्दीत दादा 'असू दे, असू दे' म्हणतील आणि विषय तिथंच राहील. ते शेतात एकटे असतील तेव्हा जा.

पलटणीतला माणूस मागं हटत नाही, असं तुम्ही दादांच्या तोंडचं वाक्य दिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक विचारा. रूट मार्चमध्ये एखादा जवान झोकांड्या देत भलतंच बोलू लागला तर हवालदार म्हणून तुम्ही काय करत होता? त्याला चालू देत होता? उत्तर त्यांच्याकडं आहे. तुमच्यापेक्षा चांगलं आहे.

आता यंदाचं. त्यांना जाऊच न देणं हा पर्याय मी बाजूला ठेवते. ५२ वर्षांचा, रोज धावणारा माणूस धावू शकतो, आणि घरच्यांनी अडवलं तर तो चोरून धावेल, हे जास्त वाईट. मात्र एकदा ऊन लागून भान हरपलेल्या माणसानं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत लांब पल्ला धरू नये. हृदयाची तपासणी आणि रक्ताच्या, किडनीच्या साध्या तपासण्या करून घ्या. पत्रात ओझरतं आलंय की दादांनी त्या सकाळी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतली होती. डॉक्टरांना हे जरूर सांगा. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या घेऊन उन्हात तासन्‌तास घाम गाळला की किडनीवर ताण येतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही सांगा. डॉक्टर म्हणाले अंतर कमी करा, तर अंतर कमी.

डॉक्टरांनी परवानगी दिली, की धावेच्या आधीचे दोन आठवडे दादांनी पहाटेचा सराव कमी करून सकाळी दहा-अकराला, ऊन असेल तेव्हा, तासभर सावकाश पळावं. पहिले चार दिवस अर्धाच तास. तुम्ही दुकान उघडून सायकलवर मागून जाऊ शकता. याच काळात एकदा धान्याच्या काट्यावर त्यांचं वजन करा, तासभर पळाल्यावर घाम पुसून पुन्हा करा. जेवढं उतरलं तेवढा तासाचा घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, म्हणून दुसऱ्याचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

पाण्याबद्दल तुमचं एक वाक्य वाचून मी दचकले: 'वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर मी त्यांना जबरदस्तीनं बाटलीभर पाणी पाजत होतो.' प्रेमानं केलंत, पण यंदा नको. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्यातही माणूस असाच भांबावतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. तहान लागेल तसं प्यावं. लिटरभर पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी घालायची, अर्धी पुडी आणि अंदाजानं पाणी असं नाही. मीठ घातलेलं ताक, उकडलेलं रताळं, गूळ-शेंगदाणे, हे आपलं खाणं या कामाला उत्तम आहे, फक्त सरावात खाऊन बघितलेलं असावं. उरलेलं पाणी डोक्यावर, मानेवर, हातांवर ओता. दर टेबलाला टोपी भिजवा.

वेग घड्याळावर धरू नका. गरम दिवशी तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं, म्हणून पहिल्या फेरीपासूनच सावकाश, बोलता येईल इतपत. आदल्या दिवशीचा हवेचा अंदाज मागच्यासारखा निघाला तर दादांनी तीन फेऱ्यांवर समाधान मानावं असं माझं मत आहे. ते मानतील की नाही, ते तुम्ही दोघं बघा.

सगळ्यात महत्त्वाचं काम आदल्या रात्रीचं आहे. तापलेल्या डोक्याला आपण तापलोय हे कळत नाही. म्हणून थांबायचं कधी, हे जेवण झाल्यावर, गार डोक्यानं, दादांनीच ठरवावं. तीन प्रश्न ते स्वतः लिहून देतील: फेरी कितवी, मागच्या टेबलाला काय खाल्लं, आणि एखादा घरचा प्रश्न, आईचं माहेर कुठलं असा. प्रत्येक फेरीला तुम्ही तेच विचारायचे. उत्तर चुकलं किंवा चालीत झोकांडी दिसली, की त्या दिवसापुरतं संपलं. वाद नाही, दुसरी संधी नाही. आणि थांबवताना म्हणायचं वाक्यही दादांनीच द्यावं. त्यांना 'हवालदार, हॉल्ट' आवडत असेल तर तेच म्हणा. दादा हे ठरवायला तयार नसतील, तर सोबतीला जायला मात्र साफ नकार द्या. नुसतं बघत उभं राहण्यासाठी सोबत लागत नाही.

ज्यांच्या घरातलं कुणी असं धावतं त्या सगळ्यांसाठी हे सांगते. भान हरपलेल्या माणसाला आधी गार करा, मग गाडीत घाला. सावलीत ताडपत्री पसरा, माणूस त्यात निजवा, चौघांनी कडा उचलून धरा आणि आत पाणी आणि बर्फ ओता, डोकं वर ठेवून हलवत राहा. गुरांचा पाण्याचा हौद जवळ असेल तर तोही चालतो, मात्र डोकं सतत कुणीतरी धरून ठेवायचं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरणं फार मोलाचं आहे. १०८ ला फोन त्याच वेळी, दुसऱ्यानं करायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कपाळाला लावायच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो वरवरचं सांगतो. आणि कितीही जवळ असलं तरी त्याला जलाशयात उतरवू नका, भांबावलेला माणूस गुडघाभर पाण्यातही बुडू शकतो. तुम्ही केवळ अंगावर पाणी ओतलंत आणि दादा सावरले, हे आपलं नशीब. यंदा ताडपत्री आणि बर्फाची पेटी गाडीत असू द्या. आयोजकांकडं ही सोय आहे का, हे आठवडाभर आधी फोन करून विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तो नंबर अजून दुकानाच्या गल्ल्यात आहे, एक कोपरा फाटलेला, फेकवत नाही. त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं ते लिहायची जागा असते. दादांच्या अक्षरात तिथं वहिनींचं नाव नाही, मुलाचं नाही, तुमचं आहे. हे तुम्ही जाता जाता सांगितलंत आणि पुढं गेलात. मी तिथंच थांबले. शेतात जाल तेव्हा तो नंबर घेऊन जा आणि दादांच्या हातात द्या, मागची बाजू वर करून.